साठ अभ्यासक्रमांची यादी आणि पहिल्या वर्षाचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 अशी तीन वर्षे शिकत होते. त्या काळात त्यांनी कोणते अभ्यासक्रम घेतले याची नोंद विद्यापीठाच्या दप्तरात आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि प्राथमिक फ्रेंच व प्राथमिक जर्मन यांचा प्रत्येकी 1. बेरीज 60 होते. जयंतीच्या भाषणांत ही यादी अनेकदा सांगितली जाते. सभागृहात टाळ्या पडतात आणि बाबासाहेबांच्या ज्ञानतृष्णेचा पुरावा म्हणून ती तेथेच थांबते. प्रस्तुत लेखात आम्ही तीच यादी एका घरगुती प्रश्नाच्या उत्तरासाठी वाचणार आहोत.

प्रश्न आपल्या बहुतेक घरांच्या ओळखीचा आहे. अमेरिकेत वाढलेली आपली मुले आता कॉलेजच्या उंबरठ्यावर उभी आहेत. प्रवेशअर्जावर 'मेजर' या रकान्यात त्यांतील कित्येक जण 'अनडिसाइडेड' असे लिहितात. येथील शिक्षणव्यवस्थेत ती एक मान्यताप्राप्त अवस्था आहे. आपल्या घरांत मात्र तो शब्द उच्चारताच जेवणाच्या टेबलावर शांतता पसरते. ज्या कुटुंबात आजोबा गिरणीत होते, वडील शिष्यवृत्तीवर इंजिनिअर झाले आणि त्या एका पदवीच्या बळावर सारे घर समुद्रापार आले, तेथे 'अजून ठरले नाही' हे उत्तर चैनीचे वाटते. फीची रक्कम पाहता ही भीती निराधारही नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, या 'न ठरण्या'कडे इतिहासाच्या प्रकाशात पाहिले, तर त्याची लाज वाटण्याचे कारण उरत नाही आणि ते वर्ष कसे वापरावे याची दिशाही सापडते.

निवड नाकारली गेली, तो काळ

विषय निवडण्याचा हक्क ही फार अलीकडची गोष्ट आहे. आपल्या समाजाच्या बाबतीत तर शाळेचे दार उघडणे हाच पहिला लढा होता. महात्मा जोतीराव फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांनी बहुजनांच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले. शेतकऱ्याच्या करातून जमा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले. जेथे मुळाक्षरांसाठी झगडावे लागत होते, तेथे 'कोणता विषय घेऊ' हा प्रश्न कुणाला पडणार?

दार उघडल्यानंतरही आतल्या खोल्या बंद होत्या. भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून शाळेत त्यांना ते शिकू दिले गेले नाही आणि दुसरी भाषा म्हणून फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत आत्मसात केले, हे सर्वश्रुत आहे. पण या घटनेचा आमच्या विषयाशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. येथे एका विद्यार्थ्याची आवड ठरलेली होती, क्षमता होती, तयारी होती. फक्त निवडण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. तो निर्णय त्याच्या जन्माच्या आधीच दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवला होता.

1907 मध्ये ते मॅट्रिक झाले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. इंटरमिजिएटनंतर पैशाअभावी शिक्षण थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींच्या मध्यस्थीने बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि 1912 मध्ये ते बी.ए. झाले. जून 1913 मध्ये बडोदा संस्थानाशी करार झाला. परदेशात ठरवून दिलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करायची, असा तो करार होता. म्हणजे कोलंबियात पाऊल ठेवणारा हा विद्यार्थी पूर्णपणे मोकळा नव्हता. मुदत तीन वर्षांची होती, पैसा दुसऱ्याचा होता आणि मुख्य दिशाही ठरलेली होती. साठ अभ्यासक्रमांची यादी वाचताना ही चौकट नजरेआड करून चालणार नाही.

अमेरिकन कॉलेजला निवड कुठून मिळाली

दुसरीकडे, ज्या अमेरिकेत ते आले त्या देशातील कॉलेजांनाही निवडीचे स्वातंत्र्य आरंभापासून लाभलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन कॉलेज म्हणजे ग्रीक, लॅटिन, गणित आणि नीतिशास्त्र यांचा एकच ठरीव अभ्यासक्रम असे. 1828 मध्ये येल कॉलेजच्या प्राध्यापकांनी एक प्रसिद्ध अहवाल लिहून या जुन्या पद्धतीचे समर्थन केले. अभिजात भाषांनी मनाला शिस्त लागते, म्हणून सर्वांनी त्याच शिकाव्यात, असा त्यांचा युक्तिवाद होता. कॉलेजांत जाणारी मुले मुख्यतः सुखवस्तू गोऱ्या घरांतली होती आणि त्यांच्यासाठी एकच साचा पुरेसा मानला जात होता.

हा साचा मोडण्याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स एलियट यांच्याकडे जाते. रसायनशास्त्राचे हे अध्यापक 1869 मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि 1909 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षे त्या पदावर राहिले. एका मागून एक सक्तीचे विषय त्यांनी ऐच्छिक केले. शतक संपता संपता हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज जवळजवळ काहीच सक्तीचे उरले नाही. याच सुमारास, 1876 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने 'मेजर' आणि 'मायनर' ही नावे वापरात आणली. आज आपल्या मुलांच्या अर्जावर जो रकाना छापलेला असतो, त्याचा जन्म हा असा आहे.

एलियट यांच्या मुक्त निवडीतून लवकरच एक दोषही दिसू लागला. अनेक विद्यार्थी निरनिराळ्या विभागांचे सोपे, प्राथमिक विषय गोळा करत आणि चार वर्षांनंतर कशातच खोल न जाता पदवी घेऊन बाहेर पडत. त्यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या ॲबट लॉरेन्स लोवेल यांनी यावर उपाय काढला. प्रत्येक विद्यार्थ्याने एका विषयात अनेक अभ्यासक्रम घेऊन खोली गाठावी, आणि उरलेले अभ्यासक्रम ज्ञानाच्या वेगवेगळ्या क्षेत्रांत वाटून घ्यावेत, असा नियम त्यांनी आणला. थोडे खूप खोल आणि थोडे खूप रुंद, हे आजच्या अमेरिकन पदवीचे सूत्र तेव्हा ठरले. कोलंबियाने 1919 मध्ये पहिल्या वर्षासाठी समकालीन संस्कृतीचा एक सामाईक अभ्यासक्रम सुरू करून यात स्वतःची भर घातली.

हे बदल घडत असतानाच्या मधल्या काळात बाबासाहेब अमेरिकेत आले. मुक्त निवडीचे फायदे दिसलेले होते, तिचे धोकेही कळलेले होते.

कोणाने काय शिकावे, हा वाद

पण या इतिहासात आणखी एक पदर आहे आणि आपल्या वाचकांना तो अधिक जवळचा वाटेल. हार्वर्डमध्ये श्रीमंत मुले विषय निवडत होती, त्याच काळात गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या मुलांनी काय शिकावे यावर मोठा वाद चालू होता. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी 1881 पासून अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे संस्था उभी केली. तेथे विद्यार्थी विटा भाजत, सुतारकाम आणि शेती शिकत. संस्थेच्या इमारतीही त्यांनीच बांधल्या. आधी हाताला काम, मग सन्मान, अशी ही भूमिका होती. ती ज्या परिस्थितीत घेतली गेली ती पाहता तिला हिणवणे योग्य ठरणार नाही.

डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी 1903 च्या सुमारास तिला जाहीर विरोध केला. कामाचे शिक्षण हवेच, पण आमच्या मुलांना केवळ तेवढेच हवे असे आधीच ठरवून टाकू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ड्यू बॉइस यांचा स्वतःचा प्रवास या लेखाच्या विषयाला फार उपयोगी आहे. फिस्क विद्यापीठाची पदवी घेऊन ते 1888 मध्ये हार्वर्डच्या तिसऱ्या वर्षात दाखल झाले. तेथे विज्ञानाचे विषयही त्यांनी घेतले, विल्यम जेम्स यांच्या हाताखाली तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला आणि 1890 मध्ये पदवी मिळवली. तत्त्वज्ञानावर पोट भरणे कठीण आहे, असा सल्ला त्यांना खुद्द जेम्स यांच्याकडून मिळाला. मग ते इतिहासाकडे वळले, पुढे बर्लिनला जाऊन अर्थशास्त्र आणि समाजाच्या अभ्यासाच्या पद्धती शिकले, आणि 1895 मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय ठरले. फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीय वस्तीचा त्यांचा 1899 चा अभ्यास म्हणजे तत्त्वज्ञान, इतिहास आणि आकडेवारी यांचा संगम होय. त्यांचा मुख्य विषय बदलत गेला, मनातला प्रश्न मात्र कायम राहिला.

जुलै 1946 मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे दिलेल्या अर्जाची माहिती मागितली. ड्यू बॉइस यांनी उत्तरही दिले. दोन खंडांतील या दोन विद्यार्थ्यांना आयुष्यभर पुरलेला प्रश्न एकच होता. त्याचे उत्तर कोणत्याही एका विभागाच्या वर्गात मिळणार नाही, हे दोघांनीही विद्यार्थिदशेतच ओळखलेले दिसते.

यादीचे वाचन

आता साठ अभ्यासक्रमांकडे परत येऊ. एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. बाबासाहेब कोलंबियात पदव्युत्तर विद्यार्थी होते. पहिल्या वर्षाचे गोंधळलेले विद्यार्थी नव्हते. त्यामुळे त्यांची यादी जशीच्या तशी कुणी गिरवावी असे आम्ही सुचवत नाही. पण ती रचली कशी गेली, हे पाहण्यासारखे आहे.

अर्थशास्त्राचे 29 म्हणजे जवळपास निम्मे. हे झाडाचे खोड. एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे त्या काळचे मोठे अभ्यासक त्यांचे गुरू होते. काळही असा की अमेरिकेच्या राज्यघटनेतील आयकराची दुरुस्ती 1913 च्या फेब्रुवारीत मंजूर झाली होती आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. राज्य पैसा कसा उभारते आणि कसा वाटते, हे शिकण्यासाठी याहून योग्य जागा आणि वेळ क्वचितच मिळाली असती. या खोडानेच पुढे उपजीविका दिली. 1918 मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. 1923 मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ आला आणि लंडनची डी.एस्सी. मिळाली, तर कोलंबियाच्या प्रबंधातून सिद्ध झालेला प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील ग्रंथ 1925 मध्ये सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

उरलेले 31 अभ्यासक्रम इकडेतिकडे विखुरलेले दिसतात, पण त्यांतील प्रत्येक शाखा खोडाला जोडलेली आहे. इतिहासाचे 11 घेतले नसते, तर प्रांतिक वित्ताचा ग्रंथ केवळ आकड्यांचा कोष्टक-संग्रह राहिला असता. प्रत्यक्षात तो राज्यकारभाराच्या उत्क्रांतीचा इतिहास झाला. जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल हे कोलंबियातले इतिहासाचे प्राध्यापक. इतिहासाने राजे आणि लढाया यांच्या पलीकडे जाऊन इतर सामाजिक शास्त्रांची मदत घ्यावी, असे रॉबिन्सन यांनी 1912 च्या आपल्या पुस्तकात मांडले होते. तत्त्वज्ञानाचे अभ्यासक्रम पाचच, पण तेथे जॉन ड्यूई भेटले. 1936 च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या निबंधात बाबासाहेबांनी ड्यूई यांचा आपले गुरू म्हणून उल्लेख केला आहे.

मानववंशशास्त्राचे केवळ चार. पण 9 मे 1916 रोजी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला, तो या चारांपैकीच एका वर्गाचे फळ. सजातीय विवाह हा जातीचा गाभा आहे, हा त्याचा सिद्धान्त. हा निबंध बारकाईने वाचला तर त्यात अर्थशास्त्राची शिकवण स्पष्ट जाणवते. एखादा गट आपल्यातच लग्ने करू लागला की स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या समतोल राखणे भाग पडते. नवरा किंवा बायको मेल्यानंतर जी 'जादा' स्त्री वा 'जादा' पुरुष उरतो, त्याचे काय करायचे या हिशेबातून सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी उगवतात, असे तेथे दाखवले आहे. केवळ मानववंशशास्त्र शिकलेल्याला हा ताळेबंद सुचणे कठीण होते आणि केवळ अर्थशास्त्र शिकलेल्याने जातीचा प्रश्न वर्गात मांडलाच नसता. दोन विषय एका डोक्यात भेटले, म्हणून तो निबंध जन्मला. पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा हा निबंध शंभराहून अधिक वर्षांनंतरही वाचला जातो.

राहिली प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन. ज्याने तोवर अनेक भाषा शिकल्या होत्या, त्या पदवीधराने पुन्हा मुळाक्षरांच्या वर्गात बसणे, ही गोष्ट आम्हाला या यादीतील सर्वांत बोलकी वाटते. त्या काळच्या संशोधनाला या भाषा लागत असत. ज्या विषयात आपण नवखे आहोत तेथे नवखे म्हणून बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आपल्या पिढीची कहाणी

आम्ही, म्हणजे आज तिशी-चाळिशीत असलेली, बहुतांशी सॉफ्टवेअरच्या वाटेने या देशात आलेली पिढी, निवड या शब्दाशी जवळजवळ अनोळखी होतो. दहावीच्या गुणांनी विज्ञान शाखा ठरवली, बारावीच्या आणि प्रवेश परीक्षेच्या गुणांनी इंजिनिअरिंग ठरवले आणि केंद्रीय प्रवेशफेरीने शाखा ठरवली. पुढे एम.एस. साठी येथे आलो, तेव्हाही नोकरी कोणत्या विषयात आहे हे आधी पाहिले. त्यात गैर काहीच नव्हते. आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांनी उघडलेली ती एक अरुंद पण खात्रीची वाट होती; तिच्यावरून चालल्यामुळेच गावाकडची घरे पक्की झाली, भावंडे शिकली आणि आज आपली मुले 'अनडिसाइडेड' लिहू शकतात.

पण अरुंद वाटेची सवय झाली की तीच एकमेव वाट वाटू लागते, हा धोका आहे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे. वाणिज्य आणि विधी महाविद्यालये पुढे आली, मराठवाड्यात औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय 1950 पासून उभे राहिले. मिलिंदमधून शिकून निघालेल्यांनी मराठी साहित्याचा नकाशा बदलला. समाजाला डॉक्टर-इंजिनिअर हवेत तसेच इतिहासकार, वकील, संख्याशास्त्रज्ञ, कवी आणि शिक्षकही हवेत, हा विचार त्या संस्थांच्या रचनेतच होता. आपल्या मुलीला समाजशास्त्राच्या वर्गात बसावेसे वाटले, तर ती मार्गापासून ढळते आहे असे मानण्याला आपल्या इतिहासात आधार नाही.

पहिले वर्ष कसे रचावे

मग व्यवहारात काय करावे? अमेरिकेतील बहुतेक चार वर्षांच्या कॉलेजांत मेजर दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर केले तरी चालते. पदवीला साधारणपणे 120 क्रेडिट लागतात आणि पहिल्या वर्षात त्यांतील सुमारे 30 होतात. म्हणजे प्रत्येक सेमिस्टरला चार-पाच अभ्यासक्रम. एवढ्या छोट्या जागेत खोड आणि फांद्या दोन्हींची लागवड करायची आहे.

पहिली गोष्ट, कोणती दारे उशिरा उघडत नाहीत ते आधी शोधावे. सर्व विषय सारखे नसतात. इतिहास किंवा राज्यशास्त्र दुसऱ्या वर्षी सुरू केले तरी चार वर्षांत पूर्ण होते. इंजिनिअरिंग, नर्सिंग, वास्तुकला, संगीत अशा शाखांत मात्र एका अभ्यासक्रमावर दुसरा रचलेला असतो; पहिल्या सेमिस्टरची पायरी चुकली की सारी शिडी वर्षभर मागे सरकते. काही विद्यापीठांत संगणकशास्त्राला नंतर प्रवेश मिळणे अवघड असते. वैद्यकीय शिक्षणाचे गणित निराळे आहे. तेथे मेजर कोणतेही चालते, पण जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र यांची ठरावीक साखळी लागते. ज्या मुलाच्या मनात या वाटांपैकी एखादी अगदी पुसटशी जरी असेल, त्याने त्या साखळीचा पहिला दुवा, म्हणजे बहुधा कॅल्क्युलस किंवा रसायनशास्त्र, पहिल्याच सेमिस्टरला घ्यावा. त्यामुळे दार उघडे राहते. आत जाण्याची सक्ती होत नाही.

दुसरी गोष्ट, लेखनाचा एक चांगला वर्ग. एलियट यांनी सारे ऐच्छिक केले तरी लेखन तेवढे सक्तीचे ठेवले, यामागे कारण आहे. कोणताही विषय निवडला तरी मांडणी करावी लागते. आपल्या चळवळीचा इतिहास तर 'मूकनायक' पासून लेखणीचाच आहे.

तिसरी गोष्ट, एक सामाजिक शास्त्र: अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा इतिहास. आपण कोण, येथे कसे आलो, हा प्रश्न परदेशात वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला कधी ना कधी पडतो. जात, वंश, स्थलांतर यांविषयी घरात ऐकलेल्या गोष्टींना वर्गात पद्धत मिळते, आणि वर्गात ऐकलेल्या सिद्धान्तांना घरातल्या आठवणींची कसोटी लागते.

चौथी गोष्ट, एक असा विषय ज्यात आपण अगदी नवखे आहोत. भाषा, चित्रकला, खगोलशास्त्र, काहीही चालेल. बाबासाहेबांच्या प्राथमिक जर्मनची ही जागा. ज्यांना शक्य आहे त्यांनी पाली किंवा संस्कृतचा वर्ग कॉलेजात आहे का ते जरूर पाहावे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका मुलाला जो वर्ग नाकारला गेला, त्या वर्गात आपल्या मुलीने हक्काने बसावे, याचे मोल केवळ क्रेडिटमध्ये मोजता येणार नाही.

दुसऱ्या सेमिस्टरला या चारांपैकी ज्याने मन धरले त्याची पुढची पायरी चढावी, ज्याने धरले नाही ते मोकळ्या मनाने सोडावे आणि त्या जागी नवे घ्यावे. एक विषय 'आवडला नाही' हे कळणे हाही पहिल्या वर्षाचा लाभच आहे. विषयापेक्षा शिक्षक पाहून वर्ग निवडण्यातही वावगे काही नाही. सेलिग्मन आणि ड्यूई नसते तर ती यादी कशी झाली असती, कोण सांगावे? प्राध्यापकांच्या भेटीच्या ठरावीक वेळेला जाऊन बसण्याची सवय पहिल्याच महिन्यात लावावी. विषय सोडण्याची शेवटची तारीख आणि शिष्यवृत्तीला लागणारी किमान क्रेडिट संख्या यांची नोंद घरातल्या कॅलेंडरवर असावी. जी मुले विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांना तर दर सेमिस्टरला पूर्णवेळ भार राखणे बंधनकारक आहे.

ब्रिटनमधील वाचकांसाठी एक टीप. इंग्लंडमध्ये अर्ज करतानाच विषय ठरवावा लागतो, त्यामुळे हा सारा शोध शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत उरकावा लागतो. स्कॉटलंडमधील चार वर्षांची ऑनर्स पदवी मात्र आरंभी अनेक विषयांना जागा देते. ज्यांचे ठरलेले नाही त्यांनी तिचा विचार करावा.

पालकांना

पालकांनी मुलांना 'तू काय होणार?' असे विचारण्याआधी 'तुला कोणता प्रश्न सोडवावासा वाटतो?' असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाला अठराव्या वर्षी बहुधा खोटे उत्तर मिळते, कारण मुलाला आपल्याला खूश करायचे असते. दुसऱ्याचे उत्तर अडखळत येईल, पण ते त्याचे स्वतःचे असेल आणि त्यावरून अभ्यासक्रमांची यादी रचता येईल. खर्चाविषयीही मोकळेपणाने बोलावे. किती वर्षांची फी घरात आहे, किती कर्ज काढता येईल, हे मुलाला माहीत असले की तो मोकळ्या वर्षाची किंमत ओळखून ते वापरतो. बाबासाहेबांनाही आपल्याजवळ तीनच वर्षे आहेत हे ठाऊक होते, आणि साठ अभ्यासक्रमांच्या त्या यादीत या जाणिवेची घाई आणि नेमकेपणा दोन्ही दिसतात.

वर्षअखेरीस मुलगा किंवा मुलगी मेजर ठरवून आली तर उत्तमच. नाही ठरले, तरी तिच्याजवळ एका साखळीचा पहिला दुवा, लिहिण्याची सवय, समाजाकडे पाहण्याची एक पद्धत आणि नवखेपणाची न वाटणारी भीती एवढे जमा झालेले असेल. दुसऱ्या वर्षी त्यातील एका विषयाचे खोड धरता येईल आणि बाकीच्या फांद्या त्याला जोडता येतील. बाबासाहेबांच्या पिढीला जी निवड कराराने बांधून, मुदतीत मोजून मिळाली आणि त्यांच्या आधीच्या पिढ्यांना मिळालीच नाही, ती आपल्या मुलांना पहिल्याच सेमिस्टरला मिळते आहे. ती त्यांना पूर्ण विचाराने वापरू देणे, एवढे आपल्या हाती आहे.

जय भीम.